गाडीचा रंग आणि आपला हात

विद्यार्थी मित्रहो, शीर्षक वाचून आपणांपैकी कुणी म्हणेल, की गाडी धुण्यात शिकण्यासारखे ते काय? बादली, फडके आणि रविवारची सकाळ, एवढे असले म्हणजे झाले. चाळीस वर्षांपूर्वी माझीही समजूत अशीच होती. ती मला एका बॉनेटावर फार महाग पडली, आणि ते बॉनेट माझे नव्हते. म्हणून हा लेख.

१९८४ साली बी.एस्सी. होऊन मी बेळगावहून बडोद्यास गेलो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि मामांचे घर निजामपुऱ्यात, विद्यापीठापासून सायकलच्या अंतरावर होते. गायकवाडांमुळे मराठी माणसाला बडोदे परके वाटत नाही; मलाही वाटले नाही. मामांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक गडद निळी प्रीमियर पद्मिनी उभी असे. जुनीच घेतलेली, पण आमच्या साऱ्या गोतावळ्यातली पहिली मोटार. रोज सकाळी चहा झाला की मामा कोरडे फडके घेऊन ती पुशीत. देवपूजेच्या आधी गाडीची पूजा, असे मामी म्हणत.

मे महिन्यात मामा दोन दिवस सुरतेला गेले. त्यांना खूश करावे म्हणून मी गाडी धुवायला काढली. वेळ सकाळी अकराची, ऊन रणरणते. बॉनेटावर कावळ्याची विष्ठा वाळून घट्ट बसली होती. बादलीत कपड्यांची पावडर कालवली आणि भांडी घासायचा काथ्या घेऊन ती खरवडून काढली. विष्ठा गेली, पण पाणी वाळल्यावर तिच्या जागी दोन तळहातांएवढा पांढुरका, आंधळा डाग दिसू लागला. मामा परत आले, त्या डागावरून त्यांनी हात फिरविला आणि म्हणाले, "धुतलीस होय? बरं केलंस." एवढेच. ते रागावले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा फडके घेऊन आले आणि तो डागही तितक्याच मायेने पुसू लागले.

माझे काय चुकले, याचा शोध घेणे तेव्हापासून भाग पडले. त्यातून जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

रंगाची जाडी

आज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणतः पुढील थर असतात. प्रथम फॉस्फेटचा संस्कार, त्यावर विजेच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक लेप, मग प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर. या सर्वांची एकूण जाडी शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या दरम्यान असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बहुधा पातळ. गाडीची सारी चकाकी या पातळ थराच्या सपाटपणावर अवलंबून असते.

पद्मिनीसारख्या त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर हा पारदर्शक थर नसे. रंग हाच शेवटचा थर. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागतो. नव्या गाडीत फडके पांढरे राहते, म्हणून आपल्याला वाटते की काही झिजले नाही. झिजलेले असतेच; ते पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही, इतकेच.

ओरखडे कोण काढतो?

धूळ म्हणजे मऊ पीठ नव्हे. तिच्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोहची काठिण्यश्रेणी ठाऊक असेल. तीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि आपले नख अडीचच्या आसपास. गाडीवरचा थर हे एक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर आहे. तो काचेपेक्षा कितीतरी मऊ. आता धुळीने माखलेल्या बॉनेटावर कोरडे फडके दाबून फिरविले तर काय होईल? आपण पॉलिश पेपरच फिरवीत असतो. फडके कितीही मऊ असो, घासतात ते त्याखालचे कण.

रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या गाडीकडे पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळे दिसतील. गाडी गोल गोल पुसल्यामुळे ती उमटतात असा समज आहे. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना असतात. पण प्रकाश ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, आणि ते दिव्याभोवती कड्यांसारखे मांडलेले दिसतात. आपण बाजूला सरकलो की कडीही आपल्याबरोबर सरकतात. भौतिकशास्त्राच्या मित्रांनी हे अवश्य करून पाहावे.

तात्पर्य असे, की गाडीचा रंग पाण्याने जात नाही. उन्हाने जातो, पण सावकाश. रोज थोडा थोडा जातो तो आपल्या हाताने. म्हणून धुण्याचे पहिले सूत्र हे, की हात लागण्यापूर्वी पाण्याने धूळ निघाली पाहिजे.

साबण कोणता?

कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे तिचे द्रावण अल्कधर्मी असते. ते गाडीवरचे मेण काढून टाकते, आणि पावडरीचे न विरघळलेले खडे घासले जातात ते वेगळेच. भांड्यांचा द्रव साबण तेलकटपणासाठीच बनविलेला असल्यामुळे तोही मेण ठेवीत नाही. साधा साबण विंधणविहिरीच्या जड पाण्यात फेस कमी व साका जास्त देतो. गाडीसाठी मिळणारा शाम्पू उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा असतो. बादलीला झाकणभर पुरतो. त्याचे खरे काम वंगणाचे आहे. उरलेला कण फडक्याखाली घसरावा, रुतू नये, एवढ्यासाठी तो फेस.

धुण्याची रीत

गाडी सावलीत घ्यावी आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवावी. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हातला गडद पत्रा हाताला चटका देतो. तशा पत्र्यावर साबण धुण्यापूर्वीच वाळतो. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षारही मागे राहून पांढरी कडी उमटतात. अशी कडी उमटलीच, तर थंड पत्र्यावर पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून हलकेच लावावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

प्रथम टपापासून खाली नुसते पाणी ओतावे. चिखल असेल तर भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा ओतावे. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची व एक साध्या पाण्याची. फडके मायक्रोफायबरचे असावे. साबणात बुडवून एक भाग पुसावा, फडके साध्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि मगच पुन्हा साबणात घालावे. असे केले म्हणजे धूळ साध्या पाण्याच्या बादलीत राहते, गाडीवर परत जात नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग असा असावा. चाकांचे फडके निराळे ठेवावे, कारण ब्रेकच्या धुळीत धातूचे कण असतात. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. शेवटी साध्या पाण्याने धुऊन कोरड्या स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्यावे, रगडू नये.

या रीतीने तीन-चार बादल्यांत गाडी धुऊन होते. मिनिटाला पंधरा लिटर पाणी सोडणारी नळी दहा मिनिटे मोकळी सोडली तर दीडशे लिटर पाणी गटारात जाते. आपल्या कर्नाटकातच मार्च २०२४ मध्ये, टंचाईच्या दिवसांत, बेंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठरविला होता. ज्या गावात घागरीसाठी रांग लागते, तेथे गाडीवर नळी सोडणे शोभत नाही. पाणी नसेल तेव्हा गाडी धुळीने माखलेली राहू द्यावी. धूळ जागच्या जागी बसून राहिली तर रंगाचे फारसे काही बिघडवीत नाही. कोरडे पुसणे मात्र बिघडविते.

रंगाचे रक्षण

मेणाने गाडीचा रंग कठीण होत नाही. मेण हा बळी देण्यासाठी ठेवलेला थर आहे. घाण, आम्ल आणि पाणी प्रथम त्याच्याशी झुंजतात आणि रंग मागे सुरक्षित राहतो. चांगल्या मेणात ब्राझीलमधील ताडाच्या एका जातीच्या पानांवरचे कार्नोबा मेण असते. ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, म्हणून उन्हात टिकते. मेण उरले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. पाणी टाकल्यावर टपोरे थेंब उभे राहिले तर आहे. पाणी पसरून पडले तर संपले. आपल्या हवेत तीन-चार महिन्यांनी, आणि पावसाळ्यापूर्वी तर नक्कीच, ते पुन्हा लावावे. अलीकडे निघालेला सिरॅमिक लेप अधिक काळ टिकतो, पण त्यावरही कोरडे फडके चालत नाही.

रॉकेलने पुसलेली गाडी तासभर चकाकते, मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते. डांबराच्या ठिपक्यापुरते कापसाच्या बोळ्यावर घ्यावे आणि लगेच साबणपाण्याने धुवावे. 'रबिंग' करून ओरखडे जातात खरे, पण ते वरचा थर तासून जातात. तो थर परत येत नाही. म्हणून हा उपाय क्वचितच करावा.

पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. शिवाय उन्हात रंगाचा थर तापून किंचित सैल होतो आणि निवताना तिच्याभोवती आवळून बसतो. म्हणून तिला वाळू देऊ नये. वाळलीच तर ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मग अलगद उचलून घ्यावे. काथ्या भांड्यांसाठी आहे, हे मी आता कुणालाही सांगू शकतो! आच्छादन घालायचे तर धुतलेल्या गाडीवर घालावे; धुळीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने हलून दिवसभर घासत राहते. बडोद्यात आणखी एक काळजी असते. १४ जानेवारीच्या उत्तरायणात काचेची पूड लावलेला पतंगाचा मांजा गाड्यांवर येऊन पडतो. तो ओढू नये, कापून उचलावा.

पुन्हा निजामपुरा

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला मोठा पूर आला आणि बडोद्याचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर मी मामांना भेटावयास गेलो. पद्मिनी कधीच विकली गेली होती. मामेभावाची नवी पांढरी गाडी पुराच्या दिवसांत समा भागात अडकली होती. ती ओढून अंगणात आणून ठेवलेली होती. इंजिनाचे काम मेकॅनिककडे होते, पण दारांच्या निम्म्यापर्यंत गाळ सिमेंटसारखा वाळला होता. मामेभाऊ झाडू घेऊन निघाला होता. त्याला थांबवून मी पाणी ओतू लागलो. ओतले, थांबलो, पुन्हा ओतले. गाळ आपणहून सुटून वाहू लागेपर्यंत तासभर गेला, पण हात लावला नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती गाळाने बुजली की आत गंज धरतो. ती काडीने मोकळी केली.

ब्याऐंशी वर्षांचे मामा खुर्चीवर बसून हे पाहत होते. मांडीवर सवयीने एक कोरडे फडके होते. शेवटी त्यांनी विचारले, "अरे, नुसतं पाणीच काय ओततोस? पुसणार कधी?"

मी त्यांना सगळे सांगितले. वर लिहिले आहे तेवढेच. सांगताना लक्षात आले, की चाळीस वर्षे हे त्यांना सांगायचे मी टाळीत आलो होतो. माझा डाग दोन तळहातांएवढा होता. बाकीची गाडी कशाने फिकी झाली, हे मला एम.एस्सी. होण्याच्या आधीच कळले होते. मामा फडक्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे रोज सकाळी मी..."

"माझा काथ्या त्याहून वाईट होता, मामा."

ते हसले. "म्हणजे दोघांनी मिळून घासली म्हणायची." मग त्यांनी ते फडके माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "घे, भिजवून दे. दाराचा एवढा भाग मी करतो."

मित्रहो, येत्या रविवारी घरची गाडी, नाही तर स्कूटर धुवायला काढाल तेव्हा आधी दोन तांबे पाणी ओता. आणि घरातले कुणी वडीलधारे रोज कोरडे फडके फिरवीत असतील, तर त्यांना हे आजच सांगा. माझ्यासारखी चाळीस वर्षे लावू नका.