पेक्षा आणि दॅन

कात्रजच्या आमच्या वसतिगृहात दर शनिवारी मी मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. अकोले तालुक्यातून आलेल्या नववीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'कळसूबाई इज हाय दॅन सिंहगड.' मी लाल शाईने 'हाय' खोडलं. पुढच्या शनिवारी 'मोर हायर' आलं, तेही खोडलं. तिसऱ्या शनिवारी तिची वही कोरी होती.

त्या रात्री मी तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. 'कळसूबाई सिंहगडापेक्षा उंच आहे.' यात 'उंच' आहे तसाच राहतो. तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा' उचलतो आणि तो नामाला चिकटतो. इंग्रजीत एकट्या 'दॅन'वर भागत नाही. विशेषणालाही रूप बदलावं लागतं. 'मोर हायर' तरी कुठून आलं? आपण 'जास्त उंच' म्हणतोच की! पोरीचं मराठी पक्कं होतं, आणि मी तिला एकदाही कारण सांगितलं नव्हतं.

आता मी आधी मराठी वाक्य लिहायला लावतो. 'पेक्षा'खाली रेघ मारायची, मग इंग्रजीत कोणता शब्द बदलेल ते शोधायचं. लहान शब्दाला 'ईआर' लागतो: हाय, हायर. 'हॉट'चा 'टी' मात्र दोनदा लिहायचा, आणि 'हॅपी'तला 'वाय' जाऊन 'आय' येतो. 'ब्यूटिफुल', 'डिफिकल्ट' अशा लांब शब्दांना अंगावर काही चढवत नाहीत, त्यांच्याआधी 'मोर' येतो. दोन्ही एकदम कधीच नाही. 'गुड'चं 'बेटर' आणि 'बॅड'चं 'वर्स' पाठच करावं लागतं. 'दॅन'मध्ये 'ए' लिहायचा. 'ई' लिहिला तर अर्थ 'मग' असा होतो. ही चूक मोठी माणसंही करतात.

खरी गंमत गेल्या महिन्यात झाली. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मी फळ्यावर लिहिलं, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र,' आणि विचारलं, काय चुकलं? 'ईआर' होता, 'दॅन' होता, स्पेलिंगही बरोबर होतं. वर्ग गप्प. मागून तीच मुलगी म्हणाली, "पण सर, कळसूबाईपण महाराष्ट्रातच हाय ना? मग ती सोतापेक्षा उंच कशी असंल?"

मी खडू तिच्या हातात दिला. 'एनी'पुढे 'अदर' तिनेच लिहिलं.