साल्हेरला निघालीस, तर खालीही बघ

नाशिक

चि. मुक्ता हिस,


मैत्रिणींबरोबर साल्हेरला निघाल्याचं तुझ्या आईनं सांगितलं. बरं केलंस. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपल्या जिल्ह्यातला हा एकटाच. उंची १५६७ मीटर. राज्यात त्याहून उंच शिखर फक्त कळसूबाईचं. हे तुला कुणीही सांगेल. माझं सांगणं वेगळं आहे. माथ्यावर पोचलीस की आधी खाली बघ.

खाली आहे तो बागलाण. गुजरातेतून खानदेशात, सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा माल याच मुलखातून जायचा. मुल्हेरला बसून बागुल राजांनी पिढ्यानपिढ्या राज्य केलं ते त्या वाटांच्या जोरावर. १६३८ मध्ये औरंगजेबानं ते संपवलं. पुढे १६७०च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज इथूनच परतले, वाटेत वणी-दिंडोरीला मोगलांना झोडपलं आणि दोनेक महिन्यांत साल्हेरच ताब्यात घेतला. मोगलांना हे कसं सोसावं? त्यांनी वेढा घातला. १६७२च्या फेब्रुवारीत मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर फौजा घेऊन आले आणि पायथ्याच्या उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे तिथंच पडले. मराठे म्हणजे नुसता गनिमी कावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जमीन एकदा डोळ्यांनी पाहावी. सभासदाच्या बखरीतलं या लढाईचं वर्णन जाण्याआधी वाच. ती बखर जिंजीला लिहिली गेली, आणि योगायोग असा की युनेस्कोच्या त्या बारा किल्ल्यांत जिंजीही आहे.

वाघांबे गावाकडून चढ. साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीतून वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. साल्हेरवाडीकडून गेलीस तर ही वाट हुकेल. पावसात मात्र त्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. माथ्यावर परशुरामाचं देऊळ आहे. त्यानं इथून बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण काढलं, असं सांगतात. (समुद्र काही दिसत नाही, पण कथा सांगणाऱ्याशी वाद घालू नये.) गंगासागर तलावात साबण नेऊ नका.

गावातली माणसं बहुतेक कोकणा आदिवासी. वाटाड्या तिथलाच घे, जेवण त्यांच्याच घरी सांग, नागलीची भाकरी माग आणि पैशांसाठी घासाघीस करू नकोस. गडाच्या गोष्टी त्यांना विचार. मोबाइलवर सापडत नाहीत अशा बऱ्याच निघतील.

आणि तारीख अजून ठरली नसेल, तर कोजागिरीला जा. त्या रात्री मुल्हेरला संत उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रास रंगतो. साल्हेर दुसऱ्या दिवशी चढता येईल.

तुझा,
मामा