दोन चुली, एक पंगत



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'आपला आहार' हा विषय दिला आहे. जीवनसत्त्वे, पालेभाज्या, स्वच्छ पाणी यांवर दुसरी मुले लिहिणार आहेत. मी वेगळे लिहितो. एकाच वर्गात मटण-अंडी खाणारे आणि न खाणारे मित्र असले तर त्यांनी कसे वागावे, हा माझा विषय आहे. हे मला पुस्तकातून नाही, भांडणातून समजले.

आमच्या वर्गातले खाणे

माझ्या बस्करपट्टीवर माझ्या शेजारी जो मित्र बसतो त्याला आम्ही बुवा म्हणतो. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्याच्या घरी सगळे माळकरी आहेत. ते मटण, मासे, अंडी काहीच खात नाहीत. किराणा दुकानवाल्या काकांची मुलगी जैन आहे. ती चातुर्मासात कांदा-बटाटासुद्धा खात नाही. मागच्या पट्टीवरच्या मित्राच्या घरी बकरी ईदला कुर्बानी असते. आमच्या घरी कधी कधी रविवारी मटण असते. पण श्रावणात आणि एकादशीला आमच्याकडेही बंद असते. निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हाही आई करत नाही. म्हणजे खाणारेसुद्धा रोज खात नाहीत.

भांडण कसे झाले

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे द्यायचे ठरवले. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. तेव्हा मी दुसरीत होतो.

आमच्याकडे पहिल्यांदा अंडी आली त्या दिवशी व्हरांड्यात दोन रांगा झाल्या. मी अंडे सोलले आणि गंमत म्हणून बुवाच्या नाकापाशी नेले. म्हणालो, "घे की बुवा, कोण बघतंय?" सगळे हसले. बुवाने माझा हात झटकला. अंडे मातीत पडले. तो म्हणाला, "तुमी घाण खाता. तुज्या हातचं पाणी बी नाही प्यायचो मी."

मला लय राग आला. मी म्हणालो, "मग तुमच्या भजनातल्या पखवाजाला कातडं कशाचं असतं रं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "अन् बकऱ्याला सुरी लागल्यावर दुखत नसंल का?" मग मी गप्प झालो. आमच्या घरी शेळ्या आहेत. शेळीचा पाय मोडला तर ती रात्रभर ओरडते, हे मला माहीत आहे.

आठ दिवस आम्ही बोललो नाही. विटीदांडूला गडी कमी पडले. बुवाने पाढे म्हणताना चूक केली तर मी हसलो. ते मला आता वाईट वाटते.

आजीने काय सांगितले

त्या रविवारी आमच्या घरी मटण होते. माझी आजी पंढरपूरच्या वारीला जाते. तिने माळ घातलेली आहे. म्हणून आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. बाबा अंगणात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडतात. त्याचे पातेले आणि पळी वेगळी असते, ती पडवीत टांगलेली असते. आजी मसाला वाटून देते, पण पातेल्याला हात लावत नाही. तिचे पिठले-भाकरी घरातल्या चुलीवर होते. मग आम्ही सगळे ओसरीवर बसतो. आजी आमच्याच रांगेत पण कडेला बसते.

हे मी लहानपणापासून बघत होतो, पण कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी विचारले, "आजी, तुला आमचा राग नाही येत?"

आजी म्हणाली, "राग कशाचा? माळ म्या घातलीया, तुमी नाही. मला वाटतं का तुमीबी सोडावं. पण वाटणं येगळं अन् बोलून बोलून जीव खाणं येगळं. अन् तुमीबी आजवर माज्या चुलीवर ते पातेलं ठिवलं नाही. म्हणून तर एका ओसरीवर जेवतोय."

तेव्हा मला कळले. मी अंडे बुवाच्या नाकापाशी नेले म्हणजे माझे पातेले त्याच्या चुलीवर ठेवले होते. आणि तो 'घाण' म्हणाला म्हणजे त्याने मला ओसरीवरून उठवले होते. दोघांचेही चुकले होते. पण सुरुवात माझी होती.

मोठी माणसे कशी वागली

मी बाईंना हे सांगितले. बाईंनी वर्गात एक खरी गोष्ट सांगितली. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. एकीकडे उपवास आणि एकीकडे कुर्बानी. तेव्हा पंढरपुरात आणि राज्यातल्या इतरही गावांत मुसलमान बांधवांनी ठरवले की, एकादशीला कुर्बानी द्यायची नाही. ईदच्या दिवशी नमाज पढली. कुर्बानी दिवसाने पुढे ढकलली. कुर्बानी तीन दिवसांत केव्हाही देता येते, असे मागच्या पट्टीवरच्या मित्राने सांगितले. म्हणजे त्यांनी आपला धर्मही सोडला नाही आणि शेजाऱ्याचा उपवासही राखला. मला वाटले, एवढी मोठी माणसे एक दिवस थांबतात, तर मला एक अंडे नीट खाता येऊ नये काय?

ताकद कोणाला जास्त?

अंडे खाणारे म्हणतात, आम्हालाच ताकद येते. हे बरोबर नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर शेंगदाण्यांतही जवळजवळ तेवढीच असतात. मटकी, हरभरा, तूरडाळ आणि दूध यांतही प्रथिने असतात. केळ्यात मात्र ती फार कमी असतात. म्हणून केळे खाणाऱ्याने घरी डाळ आणि शेंगदाणे भरपूर खावेत. ज्याच्या घरी डाळ-दूध रोज मिळत नाही त्याला अंड्याचा आधार होतो, त्यालाही कोणी नावे ठेवू नयेत. दुष्काळात शेळी-कोंबडीवर आमच्यासारखी पुष्कळ घरे चालतात.

पुढे काय झाले

पुढच्या वेळी मी बुवाला म्हणालो, "माझं चुकलं. शेजारी बस." तो म्हणाला, "आधी खाऊन हात धू." मी राखेने हात धुतले. तो हातभर अंतर ठेवून बसला. पुढच्या आठवड्यात अंतर वीतभर झाले. मग आम्ही वर्गात चार नियम केले :

१. आपले ताट आपल्यापुढे. दुसऱ्याच्या नाकापाशी न्यायचे नाही.
२. न खाणाऱ्याला 'खाऊन बघ' म्हणायचे नाही. फसवून तर कधीच द्यायचे नाही.
३. खाणाऱ्याला 'घाण' म्हणायचे नाही.
४. वाढायचे डाव दोन, पण पंगत एक.

जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठी वेगळे पैसे देणे थांबवले. आमची एका पंगतीत बसायची सवय मात्र राहिली.

बुवाला अजून वाटते की बकरे मारणे पाप आहे. मी अजून खातो. पखवाजाचे आणि बकऱ्याचे, दोन्ही प्रश्न तसेच आहेत. आम्ही शेळ्या चारताना त्यावर बोलतो, कधी आवाजही चढतो. पण संध्याकाळी विटीदांडूला आता गडी पूर्ण असतात.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात कोण काय खात नाही? का, ते त्यांनाच विचारा.
२. घरी वेगळे खाणारा पाहुणा आला तर तुम्ही कोणती भांडी वेगळी ठेवाल?
३. पालकांसाठी : आपण जेवताना दुसऱ्यांच्या खाण्याला नावे ठेवतो का? मुले ऐकत असतात.

— इयत्ता चौथी