हेगचे न्यायालय आणि खैरलांजी

समुद्रपूरला अभ्यासवर्गात विद्यार्थी आम्हांस विचारतात, "खैरलांजीचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात का गेला नाही?" प्रश्न रास्त आहे.

१९९८ च्या रोम कराराने स्थापलेले हे न्यायालय १ जुलै २००२ पासून अस्तित्वात आले. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आक्रमण हे त्याचे विषय. भारताने करारावर सही केलेली नाही. शिवाय देशातील न्यायालय प्रामाणिकपणे खटला चालवीत असेल तर हेग त्यात हात घालत नाही. म्हणजे आपल्याला आधी भंडारा, मग नागपूर!

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने ६ जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सजा दिली. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्हीकडे लागू झाला नाही. खून शाबीत झाला, जात मात्र निकालातून निसटली. आम्हांस सलते ते हेच.

हेगमध्येही वंशसंहार ठरविताना नुसती प्रेते मोजून भागत नाही, हेतू शाबीत करावा लागतो. म्हणून फिर्याद देतानाच जातिवाचक शब्द, जुने तंटे, साक्षीदारांची नावे लिहवून घ्यावीत. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती मागितल्याशिवाय ठाणे सोडू नये.