बाहेर ४४, अंगात १०२: जास्त गरम कोण?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ वर जातो. आईला ताप आला तर थर्मामीटर १०२ दाखवतो. ही तुलना कशी करायची?
– एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : हवामानाचा आकडा सेल्सिअसमध्ये असतो, तापाचा बहुतेक घरांत अजूनही फॅरनहाइटमध्ये. सेल्सिअसची दुप्पट करा, तिचा दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. ४४ ची दुप्पट ८८, वजा ८.८ म्हणजे ७९.२, अधिक ३२ : १११.२. उलट जाताना १०२ मधून ३२ वजा करा, ७० ला ५ ने गुणून ९ ने भागा, ३८.९ येतात. म्हणजे आईच्या तापापेक्षा बाहेरची हवा पाच अंश सेल्सिअसने गरम आहे!

निरोगी शरीर साधारण ३७ वर असते. हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता हवेत जात नाही, उलट हवाच अंग तापवते. मग घाम वाळण्यावरच सारी भिस्त. म्हणून भर दुपारी शेतात राबणाऱ्यांना पाणी आणि सावली हवीच. अंग १०४ वर, म्हणजे ४० सेल्सिअसवर गेले आणि माणूस बरळू लागला, तर ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा.

एक चूक मात्र फार होते. ‘तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त’ असे हवामान खाते सांगते, तेव्हा तो फरक असतो. तिथे ३२ मिळवायचे नाहीत, फक्त १.८ ने गुणा, उत्तर ८.१ फॅरनहाइट.