अमेरिकेतली नगरपालिका दुकानाच्या पाटीसाठी पैसे का देते?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान शहरात राहतो. तिथल्या जुन्या बाजारपेठेत गाळा भाड्याने घेऊन त्याला खाद्यपदार्थांचे छोटे दुकान काढायचे आहे. तो म्हणतो, दुकानाची दर्शनी बाजू नीट करायला आणि पाटी लावायला तिथली पालिका निम्मा खर्च देते, शिवाय पहिले काही महिने भाड्यालाही हातभार लावते. आमचे पेठेत तीन पिढ्यांचे कापड दुकान आहे. आम्हाला पाटी लावायची तर परवानगी काढून वर शुल्क भरावे लागते. मग तिथली पालिका उलट दुकानदाराला पैसे का देते? हे कर्ज असते की दान? यात काही मेख तर नाही ना?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भाच्याने सांगितले ते खरे आहे. अशा योजना अमेरिकेतल्या अनेक लहानमोठ्या शहरांत चालतात. नियम शहरागणिक बदलतात, म्हणून त्याच्या शहरातल्या रकमा आणि अटी त्याने तिथल्या कार्यालयातच विचाराव्यात. मात्र योजनांमागचा विचार आणि त्यांची रीत पुष्कळशी सारखी असते. तुमच्या पत्रात खरे तर तीन शंका आहेत : पालिका पैसे का देते, ते आणते कुठून, आणि दुकानदाराच्या हाती नेमके काय पडते. त्या याच क्रमाने घेऊ.

आधी पेठ रिकामी का झाली ते पाहावे लागेल. अमेरिकेत शहराच्या मध्यावरच्या जुन्या पेठेला डाउनटाउन म्हणतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड किंवा कचेरी, अशी ती आपल्या पेठेसारखीच वसलेली. १९५६ साली तिथे देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या इडायना इथे साउथडेल हा छताखालचा, वातानुकूलित मॉल उघडला. लोक मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेले आणि त्यांच्यामागून दुकानेही गेली. १९६२ मध्ये वॉलमार्टचे पहिले दुकान निघाले, मग अशी अवाढव्य दुकाने गावोगावी हमरस्त्यांवर उभी राहिली. पुढे ऑनलाइन खरेदी आली. २०२० नंतर घरून काम सुरू झाले, तशी मोठ्या शहरांच्या मध्यभागातली कचेऱ्यांची गर्दीही ओसरली.

एक गाळा बंद झाला की नुकसान त्या एका दुकानदारावर थांबत नाही. त्या बाजूला फिरकणारी माणसे कमी होतात, म्हणून शेजारच्याचे गिऱ्हाईक घटते. शेजारी गेला की मालकाला भाडे मिळत नाही, म्हणून तो डागडुजी थांबवतो. पडक्या इमारतींमुळे सगळ्या रस्त्याची किंमत उतरते आणि पालिकेचा मालमत्ता करही कमी होतो. अमेरिकेत हा कर स्थानिक कारभाराचा मोठा आधार आहे. गावची शाळासुद्धा बऱ्याच अंशी त्यावर चालते. म्हणजे पेठेतले कुलूप शेवटी शाळेच्या खर्चापर्यंत पोचते.

इथे एक समज दूर करायला हवा. गावाबाहेरचे प्रचंड दुकान गावाला जास्त कर देत असेल, असे कुणालाही वाटते. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल शहराचा एक हिशेब यासाठी प्रसिद्ध आहे. नगररचनेचे अभ्यासक जो मिनिकोझी यांनी तिथला मालमत्ता कर एकराच्या भावाने मोजला. सुमारे ३४ एकरांवर पसरलेल्या वॉलमार्टमधून एकरी साधारण ६,५०० डॉलर कर मिळत होता. पेठेतली एक जुनी इमारत दुरुस्त करून तिच्यात दुकाने, कचेऱ्या आणि राहती घरे केली होती. ती जेमतेम एक पंचमांश एकरावर उभी होती, पण तिचा कर एकरी ६,३४,००० डॉलरच्या घरात जात होता. कारण उघड आहे. वॉलमार्ट एकमजली आणि त्याच्या जागेचा मोठा भाग गाड्या लावण्यासाठी मोकळा. पेठेत मजल्यावर मजला असतो आणि रस्ता, पाणी, गटार या सोयी आधीच केलेल्या असतात. म्हणून पेठ पुन्हा भरली तर पालिकेच्या तिजोरीत भर पडते.

मग हे काम दुकानदार आणि मालक आपापल्या पैशाने का करत नाहीत? कारण एकाने दर्शनी बाजू सुधारली तर शोभा सगळ्या रस्त्याला येते, खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करायची वाट पाहतो. रिकाम्या रस्त्यावर पहिले दुकान काढणाऱ्याचा धोका सर्वांत मोठा आणि त्याच्या धाडसाचा फायदा नंतर येणाऱ्यांना. पालिका निम्मा खर्च उचलते ती ही कोंडी फोडण्यासाठी. म्हणून याला दान म्हणता येणार नाही. पालिका त्या पैशातून गावासाठी एक जिवंत रस्ता विकत घेत असते.

आता दुसरी शंका, पैसे कुठून येतात? वाटा अनेक आहेत. १९७४ च्या एका कायद्याने केंद्र सरकार शहरांना सामुदायिक विकासासाठी दरवर्षी निधी देते. तो मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावा किंवा त्यातून मोडकळीला आलेला भाग सुधारावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे या पैशातून अनुदान घेणाऱ्याला कधी कधी अमुक इतक्या नोकऱ्या देण्याची अटही पाळावी लागते. २०२१ मध्ये कोरोनाच्या तडाख्यातून सावरण्यासाठी राज्यांना आणि स्थानिक संस्थांना ३५,००० कोटी डॉलर देण्यात आले; त्यातूनही काही शहरांनी पेठांसाठी योजना काढल्या. बॉस्टन शहराने रिकामे गाळे भरण्यासाठी एकेका छोट्या व्यवसायाला २ लाख डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले, ते याच पैशातून. हा निधी एकदाच मिळणारा होता, म्हणून त्याच्यावर उभ्या राहिलेल्या योजना कायम चालतीलच असे नाही.

तिसरी वाट १९५२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि मग बहुतेक राज्यांत पसरली. पालिका पेठेभोवती एक हद्द आखते आणि त्या दिवशी तिथून किती मालमत्ता कर येतो ते नोंदवून ठेवते. पुढे जागांच्या किमती चढल्या की वाढीव कर वेगळ्या खात्यात जमा होतो आणि ठरावीक वर्षे त्याच हद्दीत खर्च होतो. इलिनॉयमध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे २३ वर्षे असते. चांगली चाललेली पेठ अशी स्वतःच्या वाढीतून स्वतःची डागडुजी करते. या पद्धतीवर टीकाही होते, आणि ती योग्य आहे : वाढ एरवीही झाली असती तर शाळेच्या वाट्याचा कर इकडे वळतो. म्हणून हद्द कुठे आखली, याकडे जागरूक नागरिकांचे लक्ष असते.

तिसऱ्या शंकेत तुमची 'मेख' आहे. पहिली गोष्ट म्हणजे हे पैसे सहसा आधी मिळत नाहीत. रीत साधारण अशी असते. दुकानदार गाळामालकाची लेखी संमती, कामाचा नकाशा आणि ठेकेदारांची कोटेशने जोडून अर्ज करतो. समिती पाहणी करते; जुनी इमारत असेल तर खिडक्या, रंग, पाटीचा आकार यांबद्दलही सांगते. मंजुरीचे पत्र आले की काम सुरू करायचे. काम संपल्यावर बिले आणि पैसे भरल्याच्या पावत्या दाखवायच्या, मग पालिका आपला वाटा परत देते. समजा काम १०,००० डॉलरचे आहे, नियम निम्म्याचा आहे आणि कमाल मर्यादा ४,००० डॉलर आहे. तर भाच्याला ४,००० मिळतील, ५,००० नव्हे. आणि पूर्ण १०,००० आधी त्यालाच उभे करावे लागतील.

दुसरी गोष्ट : मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला सहसा पैसे मिळत नाहीत. पाडव्याचा मुहूर्त गाठायला म्हणून आधीच रंगकाम उरकले, तर ते अनुदान गेले असे समजावे. तिसरी : केंद्राच्या निधीतून बांधकाम होत असेल तर मजुरांना सरकारने ठरवलेल्या दराने मजुरी द्यावी लागू शकते, त्याने खर्च वाढतो. चौथी : काही ठिकाणी ही रक्कम माफ होणाऱ्या कर्जाच्या रूपात असते. तीन किंवा पाच वर्षे दुकान चालवले की कर्ज माफ, मध्येच सोडले तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात परतफेड. पाचवी गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते : व्यवसायाला मिळालेले अनुदान हे सर्वसाधारणपणे करपात्र उत्पन्न धरले जाते. ४,००० डॉलर मिळाले म्हणून तेवढे सगळे खर्चून टाकू नयेत.

आणखी दोन गैरसमज. अमेरिकेचे केंद्र सरकार कुणालाही धंदा सुरू करायला फुकट पैसे देते, असे निरोप फिरत असतात. ते खरे नाही. तिथली केंद्राची लघुउद्योग संस्था, म्हणजे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, नवा धंदा काढण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी अनुदान देत नाही. ती मुख्यतः बँकांच्या कर्जाला हमी देते. पेठेचे अनुदान गावाकडून किंवा राज्याकडून मिळते. 'आधी शुल्क भरा, मग सरकारी अनुदान मिळवून देतो' असा फोन आला तर ती फसवणूक समजून तो ठेवून द्यावा. दुसरा गैरसमज असा, की परदेशी नागरिकाला हे अनुदान मिळतच नाही. पालिका प्रामुख्याने गाळा हद्दीत आहे का, भाडेकरार किती वर्षांचा आहे, धंद्याची नोंदणी झाली आहे का, हे पाहते. पण आपल्या व्हिसावर स्वतःचे दुकान चालवता येते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी भाच्याने गाळा घेण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

मग या पैशाने पेठ खरेच उभी राहते का? केवळ पैशाने किंवा केवळ शोभेने राहत नाही, हे अमेरिकेने अनुभवातून शिकले आहे. मिशिगनमधल्या कॅलमझू शहराने १९५९ मध्ये पेठेतला रस्ता वाहनांना बंद करून पायी फिरण्याचा बाजार केला. त्याची आखणी साउथडेल मॉल रचणारे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन यांच्याकडेच दिली होती. अनेक शहरांनी ही नक्कल केली, पण बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक परतले नाही. कॅलमझूमध्येही १९९८ मध्ये त्या रस्त्याच्या एका भागात पुन्हा वाहने सोडण्यात आली.

त्याहून वेगळा मार्ग १९७७ मध्ये जुन्या वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने काढला. इलिनॉयमधले गेल्सबर्ग, इंडियानातले मॅडिसन आणि साउथ डकोटातले हॉट स्प्रिंग्ज ही तीन छोटी गावे निवडून प्रत्येक पेठेसाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. तो दुकानदारांना एकत्र आणायचा, दर्शनी बाजू कशी सुधारायची याचा सल्ला मिळवून द्यायचा, सणासुदीचे कार्यक्रम ठरवायचा, रिकाम्या गाळ्यांसाठी भाडेकरू शोधायचा. हाच प्रयोग पुढे 'मेन स्ट्रीट' या नावाने देशभर पसरला आणि आज हजाराहून अधिक गावे त्या पद्धतीने काम करतात. थोडक्यात, अनुदान हे शेतातल्या खतासारखे आहे. पाणी आणि राखण नसेल तर त्याचा उपयोग नाही.

अलीकडे आणखी एक शहाणपणाची वाट निघाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२३ मध्ये डाउनटाउनमधले रिकामे गाळे छोट्या दुकानदारांना काही महिने बिनभाड्याने देण्याची योजना सुरू केली. धंदा चालतो का हे पाहायचे, चालला तर पुढे रीतसर करार करायचा. काही दुकानदारांनी तसे करार करून तिथेच जम बसवला. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी पाच वर्षांच्या भाड्यात अडकवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आपल्याकडे असे काही नाही का, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. आपल्याकडच्या बहुतेक योजना व्यक्तीला किंवा उद्योगाला धरून आहेत : २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, किंवा २०२० पासून पथविक्रेत्यांना भांडवली कर्ज देणारी स्वनिधी योजना. जागा पाहून मदत देण्याची कल्पनाही महाराष्ट्राला परकी नाही. १९६४ पासून राज्याने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या त्या याच विचाराने. ती दृष्टी जुन्या पेठांपर्यंत मात्र फारशी पोचली नाही.

अर्थात रोग वेगळा असेल तर औषधही वेगळे हवे. तिथे पेठ रिकामी आहे, इथे ती गर्दीने गुदमरते आहे. इथे जुन्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण असल्याने भाडे नाममात्र असते, म्हणून अनेक मालक इमारतीवर खर्च करत नाहीत. अशा ठिकाणी पाटीपेक्षा जुने वाडे आणि इमारती सावरणे, चालायला जागा करणे, गाड्यांची सोय लावणे यांवर पैसा खर्च झाला तर तो कारणी लागेल. पण अर्धा खर्च दुकानदाराचा, अर्धा गावाचा, काम झाल्यावरच पैसे, आणि पेठेचे बघायला एक जबाबदार माणूस, ही चौकट आपल्या नगर परिषदांनीही वापरून पाहावी अशी आहे. तुमच्या पेठेतल्या व्यापारी संघटनेने ती मागणी लावून धरली तर ती पूर्णपणे रास्त ठरेल.

भाच्याला एवढेच कळवा : अनुदान मिळणारच नाही असे धरून आधी धंद्याचा हिशेब मांड. तसा तो जुळत असेल तरच गाळा घे. भाडेकरार किमान तेवढ्या वर्षांचा कर, जेवढी वर्षे राहण्याची अट अनुदानात असेल. आणि सजावट झाल्यावर मालकाने लगेच भाडे वाढवू नये हे करारातच लिहून घे. मग अर्ज कर, मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत भिंतीला हात लावू नकोस आणि प्रत्येक पावती जपून ठेव. पैसे मिळाले तर संकोच बाळगायचे कारण नाही. दुकान नेटाने चालवून तो ते गावाला करातून, रोजगारातून आणि रस्त्यावरच्या वर्दळीतून परतच करणार आहे.