साखर तोडल्याने कर्करोग उपाशी मरतो का?

परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून लोकलने जाणारे रुग्ण अनेक आहेत. पेट स्कॅन झाला की घरात कोणीतरी सांगते, ‘गाठ साखर खाते, गोड आणि भात बंद करा.’ आधीच खंगलेल्या माणसाचे ताट आणखी रिकामे होते.

यात निम्मे सत्य आहे. या तपासणीत ग्लुकोजसारखा किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. ज्या पेशी तो जास्त ओढतात, तो भाग चित्रात उजळतो. (मेंदूही उजळतो, म्हणून तेथे कर्करोग असतो असे नव्हे!) जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकातच आढळले होते की, प्राणवायू असूनही गाठीतील पेशी बरीचशी साखर पूर्ण जाळत नाहीत, जणू आंबवतात. यात ऊर्जा फार थोडी मिळते. मग ही उधळपट्टी कशासाठी? वाढत्या पेशीला इंधनाइतकाच बांधकामाचा माल लागतो. नव्या पेशीचे आवरण आणि जनुके घडविण्यासाठी ती साखरेचा काही भाग वापरते.

परंतु बांधकामाचा हुकूम साखर देत नाही. निरोगी पेशीला इन्सुलिन व इतर वाढघटक बाहेरून संदेश देतात. संदेश थांबला की काम थांबते. कर्करोगात जनुकांतील बिघाडामुळे दारावरची बेल दाबलेल्या अवस्थेतच अडकते. पेशी वाढत राहते आणि साखर ओढत राहते. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात अशी अडकलेली बेल बंद करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली आले आणि त्या रोगाचे चित्रच पालटले.

साखर तोडून ही बेल सुटत नाही. आहारातून ग्लुकोज मिळाले नाही, तर यकृत ते स्नायूंतील प्रथिनांपासून तयार करते. म्हणजे गाठीऐवजी रुग्णच झिजतो.

निरोगी माणसाची गोष्ट वेगळी. सुटलेल्या पोटाबरोबर रक्तातील इन्सुलिन सतत चढे राहते. गर्भाशयाचा, मोठ्या आतड्याचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग स्थूल व्यक्तींत अधिक आढळतो, त्यामागे हे एक कारण मानले जाते. तेव्हा मिठाईवर लगाम घालायचा तो आजाराआधी.

रुग्णाला मात्र जेवू घाला. मधुमेह असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात चावता येत नाही; तेथे तूप घातलेला मऊ वरणभात, दूध, मऊ शिजवलेले अंडे, नाचणीची पेज चालते. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांना दाखवा.